स्वखुशीचा कागद

कोठी भागातल्या त्या खाजगी दवाखान्याच्या काउंटरवर मराठी ऐकू आलं आणि तातेरावांचा निम्मा जीव भांड्यात पडला. सकाळीच मालनबाई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन आजच करावं लागणार होतं आणि पैशाला आधार एकच, रिटायर सरकारी नोकराचं हेल्थ कार्ड.

"काका, कुठले तुम्ही?" काउंटरवरच्या प्रमोदनं विचारलं.

"देगलूर."

"मी उदगीरचा. घरचेच निघालात की. मावशीची काळजी सोडा. ह्या पाच ठिकाणी सह्या करा, बारा वाजता आत घेतो."

तातेरावांनी तीस वर्षं सरकारी छापखान्यात प्रूफं तपासली होती. विजेचं बिलसुद्धा दोनदा वाचायचे. हाच इंग्रजी कागद कुणी तेलुगूत बोलून पुढं केला असता, तर चष्मा पुसून, चार जणांना विचारून मगच पेन उचललं असतं. पण गावाकडची बोली कानावर पडली आणि त्यांनी पाचही सह्या ठोकल्या. परक्या शहरात चाळीस वर्षं काढली की आपल्या भाषेची अशी भूक लागते, माणूस अक्कल गहाण टाकतो.

मुलगी स्वप्ना ऑफिसातून धावत आली, तोवर मालनबाईंना आत नेलं होतं. तिनं कागद वाचला.

"पप्पा, वाचलं का हे? ह्यात लिहिलंय, माझ्याकडे कार्ड आहे, तरी स्वखुशीनं सगळे पैसे मीच भरतो, नंतर कुणाकडं मागणार नाही. तीन लाख चाळीस हजार. नीचे साइन आपकीच."

तातेराव परत काउंटरवर गेले. "प्रमोद, कार्डावर कर बाबा. फाड तो कागद."

प्रमोदनं मान वर केली नाही. "चचा, कार्ड का पैसा सरकार सालभर बाद देती. इसके वास्तेच अ‍ॅग्रीमेंट लेते."

"मराठीत बोल की."

"पेशंट टेबल पे है. कॅन्सल करना क्या, बोलो."

मागं रांग होती. तातेराव बाजूला झाले. स्वप्नाच्या नावावर करायचा देगलूरचा प्लॉट त्याच आठवड्यात मिळेल त्या भावानं गेला.

चौथ्या दिवशी मालनबाई उशीला टेकून बसल्या. "त्या उदगीरच्या पोराला जेवायला बोलवा हो. परक्यानं केलं असतं का इतकं?"

स्वप्ना काही बोलणार, तोच तातेरावांनी तिला हातानं थांबवलं.

"त्याला मराठी येत नाही."

"काय बोलता? आत नेताना माझ्याशी बोलला की."

"सह्या होईपर्यंत येत होती."