राणीसाहेबांच्या भिंतीवरचं शेवाळ

मित्रांनो, मी एक जुनं शेवाळ आहे. नाक मुरडलंत ना? खुशाल मुरडा. प्राणिसंग्रहालयातल्या एका पिंजऱ्याच्या ओलसर भिंतीवर माझी हयात गेली, पण मला पाहायला आजवर कुणी तिकीट काढलेलं नाही.

तिकीट काढतात ते याच पिंजऱ्यातल्या माकडासारख्या लेमूर मादीसाठी. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची शेपटी उभारून ती चालू लागली की बडबडी माणसंसुद्धा गप्प होतात. तिला सांभाळणारे काका तिला राणीसाहेब म्हणतात. दूरच्या बेटावरचं तिचं रान तुटलं, तिच्या जातीचे थोडेच उरले, असं पाटीवर लिहिलंय. माझ्या जातीचे मोजायला बसाल, तर म्हातारे व्हाल.

यंदा राणीसाहेबांना पिल्लू झालं. मुठीत मावेल एवढं, पण डोळे केवढाले! मी बघतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई पाण्याच्या हौदात डोकावल्या. "काका, बाळंतीण आहे, शेवाळ तेवढं काढून टाका हं."

बाईंना हौदातलं बुळबुळीत हिरवं म्हणायचं होतं. पण आपल्या भाषेत शेवाळ तेही आणि मीही. काकांनी हौद औषधाने घासला, आणि भिंतही तारेच्या ब्रशने लख्ख केली. मी एका भेगेत नखाएवढा उरलो.

राणीसाहेब रोज सकाळी माझ्यावरचं दव चाटायच्या, हे मला एकट्यालाच ठाऊक. आता भिंत कोरडी, आणि हौदाला औषधाचा वास. राणीसाहेब पाण्याला तोंड लावेनात. दूध आटलं. पिल्लाची मान लटकू लागली.

"अगं बये, घोटभर तरी पी गं," काका रडकुंडीला आले.

चौथ्या सकाळी ती माझ्या भेगेत जीभ घालताना त्यांना दिसली. कपाळावर हात मारून त्यांनी डॉक्टरबाईंना बोलावलं. "बाई, मी भलतंच शेवाळ काढलं!"

कचऱ्याच्या पोत्यात माझे तुकडे वाळून तपकिरी झाले होते. काकांनी ते भिंतीशी पसरून पाणी फवारलं. बघता बघता मी हिरवा! राणीसाहेब कितीतरी वेळ माझ्यातलं पाणी चाटत राहिल्या. संध्याकाळी पिल्लू चुटूचुटू दूध ओढू लागलं, तेव्हा काका आणि बाई दोघंही श्वास रोखून ऐकत होते. मीही.

मित्रांनो, काही खरवडण्याआधी त्यावर कुणाची तहान भागते, तेवढं पाहत जा. माझं काय, मला वाळवा, पोत्यात कोंबा. पाणी शिंपडलंत की मी हजर. त्या पिल्लाला एकदा वाळून पुन्हा हिरवं होता येत नाही.