लाल गाडीवर गोळा नाही

मी कॅसेट बोलतेय. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. गैरसमज आधीच दूर केलेला बरा. माझ्यात गाड्यांची शर्यत आहे. रस्ता वरून तिरकस दिसतो आणि पुढच्या गाडीवर गोळे डागून तिला उडवायचं असतं. स्वारगेटला रोज चालतं तेच, फक्त इथे हॉर्न नाही.

भूगोल शिकवणाऱ्या गोपाळकृष्णांनी मला त्यांच्या मुलीच्या, अस्मिताच्या वाढदिवसाला आणलं. तिची गाडी लाल, बाबांची निळी. रस्ता खाली, आपल्या दिशेने वळला की तिचं डावं-उजवं उलटं व्हायचं आणि ती भिंतीवर आदळायची. "बाहेरून काय बघतेस? गाडीत बसलीयेस असं समज," असं बाबा म्हणायचे.

बाकीच्या गाड्यांच्या ते चिंधड्या उडवायचे. लाल गाडीवर मात्र एकही गोळा नाही. अस्मिता चिडायची. आपल्या माणसावर नेम धरत नसतात, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यापायी बिचारे कायम हरले.

पुढे ती कॉलेजात गेली आणि मी माळ्यावर. इतकी वर्षं कुणी साधी चौकशी केली नाही.

आता बाबा विसरायला लागलेत. आधी चष्मा, मग गल्ली, मग माणसं. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. तरी एका रविवारी अस्मिताने मला खाली काढलं, फुंकर मारली आणि लावलं. मी चालू झाले, हेच नवल. बाबांची बोटं आपोआप फिरू लागली. लाल गाडी समोर आली आणि त्यांनी गोळा टाकला नाही. अस्मिता स्वयंपाकघरात जाऊन रडली.

तेव्हापासून 'मला ओळखलंत का' असं ती त्यांना विचारत नाही. दर रविवारी लाल गाडी त्यांच्यापुढे नेते. गोळा आला नाही, म्हणजे ओळखलं. वेडी कुठली! पण मलाही ते पटायला लागलं होतं.

काल तिने गाडी तशीच पुढे नेली. बाबांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. लाल गाडीचे तुकडे झाले आणि बाबा खुदकन हसले. पहिल्यांदाच जिंकले होते. मग तिच्याकडे वळून अगदी अदबीने म्हणाले, "छान खेळता हो आपण. कुणाकडच्या?"

"शेजारच्या," अस्मिता म्हणाली.

मी तरी काय करू? उडालेली गाडी परत उभी करायची, एवढंच मला येतं. माणसाचं मला जमत नाही. अस्मिता, हात जोडते, पुढच्या रविवारी मला लावू नकोस.

पण ती लावणार. मला माळ्यावर टाकलेलं नाही, टीव्हीपाशीच ठेवलंय. ती फुंकर मारणार आणि लाल गाडी पुन्हा त्यांच्यापुढे नेऊन उभी करणार.