मांडीवरची गिटार

माझी मावशी तीस वर्षं एका हॉटेलच्या लॉबीत मांडीवर स्टील गिटार घेऊन गोडगोड गाणी वाजवत होती. त्या गोडव्याची तिला शिसारी आली होती, म्हणून मी तिला आमच्या रॉक बँडमध्ये बोलावलं. पहिल्याच तालमीत तिने पोलादी कांडी तारांवरून अशी काही खरवडत नेली की ड्रमर वाजवायचाच थांबला.

पहिल्या कार्यक्रमात सगळ्या टाळ्या तिलाच पडायला लागल्या. आमच्या गायकाला ते झोंबलं. गाणं ऐन रंगात असताना तो तिच्यासमोर गेला आणि तोंडातलं च्युइंगगम काढून त्याने ते तिच्या तारांवर चिकटवलं. लोक हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याची मला अजून किळस येते.

मावशीने रुमालाने ते उचललं, तारा पुसल्या, राहिलेलं गाणं शेवटपर्यंत वाजवलं आणि ती खाली उतरली.

"मावशी, गंमत केली गं त्याने," मी मागे धावत म्हणालो.

"वाद्य आहे ते, पिकदाणी नाही. आणि तूही दात काढत होतास."

ड्रमर तिच्याबरोबर निघून गेला. आता ती दोघं मिळून कार्यक्रम करतात. मी तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसतो.