बाहेरची एकच

“सर, संस्थानातल्या मुलीला सरकारी कॉलेज आत तरी घेतं, की फाटकातूनच माघारी पाठवतं?”

जाहिदाने विचारलं ते उभं राहून, चांगल्या ठणठणीत आवाजात. हसिनाकडे बघत विचारायचं, अशी वर्गातल्या मुक्ता आणि अंबू या मैत्रिणींनी पैज घातली होती, म्हणून तिने तसंच बघत विचारलं. वर्षापूर्वी हजेरीला नाव पुकारलं तरी मान खाली घालणारी ही मुलगी. पण सहामाहीत वर्गात पहिली आली आणि ती बदलूनच गेली. आता ती कुणाचं ऐकत नव्हती आणि स्वतःवर भलतीच खूश होती.

हसिना तिच्या मामूची मुलगी. तिचं गाव पवनेच्या काठी, लोणावळ्यापासून डोंगर उतरलं की आलंच, पण ते संस्थानाच्या हद्दीत. तिथं चौथीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून ती जाहिदाच्या घरी राहून शिकायची. जाहिदाचे उतरलेले कपडे घालायची, जाहिदाचं दप्तर उचलायची. दोघींनाही डॉक्टरीला जायचं होतं. हसिनाने हे एकदाच बोलून दाखवलं होतं. जाहिदा रोज बोलायची.

सर म्हणजे मुंबईच्या सरकारी डॉक्टरी कॉलेजातले एक प्रोफेसर. थंडीत हवा खायला जवळच तुंगार्लीच्या बंगल्यात उतरले होते. हेडमास्तरांनी त्यांना मॅट्रिकच्या वर्गापुढे बोलायला आणलं होतं.

“घेतं की,” प्रोफेसर म्हणाले. “आपल्या मुंबई इलाख्यातल्या मुली असतील तर पाचांत एक. संस्थानातल्या, परप्रांतातल्या चाळीस आल्या तर त्यांत एक. आणि ती बहुधा कुणा दिवाणाची लेक असते.”

वर्ग खदखदला. हसिना पाटीवरचं पुसलेलं पुन्हा पुसत बसली.

“आणि खासगी कॉलेज?” जाहिदाला आता रंग चढला होता.

“ते पाचांतल्या तीन घेतं. घरची-बाहेरची बघत नाही. पण मुलींना राहायला जागा देत नाही, ती फक्त सरकारीत. मुंबईत मावशी असेल तर खुशाल जा.”

जाहिदाला मुंबईत मावशी नव्हती. वसतिगृह असेल तरच पाठवीन, असं अब्बांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण तिला कसली काळजी? पाचांतली एक तीच, असं ती धरूनच चालली होती.

“तुमच्यात बाहेरच्या किती ते आत्ताच बघू,” प्रोफेसर म्हणाले. “उगाच अर्ज कशाला वाया घालवा?” त्यांनी शाळेचं रजिस्टर मागवलं आणि बोट फिरवत खाली आले. “बाहेरची एकच.”

सगळ्यांच्या माना हसिनाकडे वळल्या. सर्वांत आधी जाहिदाची.

“शेख जाहिदा चाँदभाई.”

ती हसली. “सर, चुकताय. माझं घर इथं बाजारात आहे. दीड महिन्याची होते तेव्हापासून मी लोणावळ्यात.”

“आणि त्याआधी?”

ती पुढे येऊन रजिस्टरात बघू लागली.

“आम्ही जन्मगाव बघतो, बाई. वडील कुठं राहतात ते विचारत नाही.”

या दोन घरांत साटंलोटं झालेलं होतं. चाँदभाईंनी हसिनाच्या वडिलांच्या, अल्लाबक्षच्या, बहिणीशी लग्न केलं, अल्लाबक्षने चाँदभाईंच्या. दोघींची पहिली बाळंतपणं रीतीप्रमाणे माहेरी. म्हणजे लोणावळ्याची जाहिदा जन्मली संस्थानात आणि संस्थानातली हसिना लोणावळ्यात, जाहिदाच्याच घरात. हे दोघींनाही ठाऊक होतं. त्याचा असा काही उपयोग असतो, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“अगं, तू तर परदेशीण निघालीस,” मुक्ता म्हणाली. “पैज जिंकलीस हो,” अंबू म्हणाली. त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत दोघी तिला दिवाणाची लेक म्हणत होत्या.

घरी जाताना दोन्ही दप्तरं हसिनाकडेच होती. बाजाराजवळ आल्यावर तिने जाहिदाला गाठलं. मग म्हणाली, “माजा जन्माचा दाखला तुला देता आला आस्ता, तर दिला आस्ता गं. खरंच.”

हे ऐकून जाहिदाच्या अंगाची लाही लाही झाली. मुक्ता-अंबूचं हसणं तिने गिळलं असतं. ही कीव तिला गिळवेना.

चाँदभाई मशिनीवर बंगल्यांचे पडदे शिवत होते. सगळं ऐकून ते म्हणाले, “हेडमास्तरांना भेटून रजिस्टर बदलता येईल का?”

“सगळ्या वर्गासमोर वाचलंय, अब्बा.”

“माजंच चुकलं,” जाहिदाची अम्मी अजीजुन्निसा म्हणाली. लोणावळ्यात सतरा वर्षं काढूनही तिची बोली माहेरचीच होती. “पर रीत हुती, म्हून गेलते.”

“अम्मी, हसिनाला गावी पाठव.”

मशीन थांबली. “तिने काय केलं?” चाँदभाईंनी विचारलं.

“काही नाही.”

“ती गेली तर तुला जागा मिळणार आहे?”

“नाही. मला चाळिसांत एकच.”

“मग?”

“ती माझ्या घरात राहून, माझी पुस्तकं वाचून पाचांतली एक होणार, आणि मी बघत बसू?”

अजीजुन्निसा जवळ आली, हळू आवाजात बोलली. “आपुन त्याची पोर माघारी लावली, तर भाऊ तुज्या फुफीला, हसिनाच्या अम्मीला, हितं आणून टाकंल. साट्यालोट्यात आसंच आसतं, बाय. त्या बाईनं काय वाईट केलंय तुजं?”

आत हसिनाचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. जाहिदाने तिकडे बघितलं, आणि आत तिला नीट ऐकू जाईल असं बोलायला लागली.

“मग तुम्ही कुणी पाठवू नका. तुमच्यावर बोल नको. माझं ठरलंय, इथं राहणं तिला नकोसं करीन, ती आपल्या पायांनी जाईल. मॅट्रिकला अजून चार महिने आहेत. तेवढे मला पुरेत.”