माझ्या गळ्याखालचं गाव

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची घागर आहे. घरात नळ आला तशी आमची किंमत गेली, हे मला कळतं. पण हसू नका बरं. मागच्या पावसाळ्यात एका पोरीचं डॉक्टर होणं माझ्या गळ्याखालच्या काजळीत अडकून बसलं होतं. ते फक्त मला ठाऊक होतं आणि एका रागावलेल्या म्हातारीला.

माझा जन्म शिरूर कासारच्या बाजारात, कासाराच्या हातोडीखाली झाला. मला विकत घेतलं म्हाळूनं. त्या काळी आपल्या या बीडकडच्या भागात निजामाचं राज्य होतं, लोक त्याला मोगलाई म्हणत, आणि नगरकडचा मुलूख इंग्रजांचा होता. म्हाळू धनगर मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात सरहद्द ओलांडून इकडं आला आणि कडा गावाजवळच्या माळावर राहिला. तिथं त्याच्या नात्याचं एकही घर नव्हतं. लोक त्याला कित्येक वर्षं 'पलीकडचा' म्हणत.

लेकीला लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर बापाचं नाव घालायची आपल्याकडं रीत आहे. कासारानं नाव कोरलं आणि गाव कोणतं घालू म्हणून विचारलं. म्हाळू आता माळावरच राहत होता, पण तो म्हणाला, "बोरदरा घाल. माज्या लेकीला ठावं असू दे, आपण कुठले ते."

झालं, मी म्हाळूच्या लेकीबरोबर, सारजाबाईबरोबर, तिच्या सासरी गेले. काय मान होता माझा! आडावरून मी डोक्यावर बसून यायची. आल्यागेल्याला माझ्यातलंच पाणी द्यायचे आणि लई गोड पाणी म्हणून लोक परत मागून घ्यायचे. सारजाला वाचता येत नव्हतं. तरी घासताना तिचा अंगठा माझ्या अक्षरांवरून फिरायचा आणि ती सुनेला, तिला आत्याबाई म्हणणाऱ्या सुंदरबाईला, सांगायची, हे बघ, इथं माझा बाप आहे आणि इथं माझं गाव.

सारजा वारली तेव्हा मी दारातच होते. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात. म्हणून सगळे थांबले. उन्हं कलली तरी तिचा भाऊ हरिबा आला नाही. शेवटी तिला तशीच न्यावी लागली. सुंदरबाईनं त्या दिवशी सारजाच्या माहेरच्यांचं नाव टाकलं. सासूच्या वाटची सगळी आग तिनं आपल्या पोटात ठेवली.

पुढं मला बंबाऐवजी चुलीवर ठेवू लागले. काजळीनं माझं तोंड काळं ठिक्कर पडलं, बापाचं नाव त्याखाली गेलं. मग मी कोंबड्यांच्या खुराड्यामागं पडले. अंगावर कोंबडी बसायची, मला मेलीला हाकलताही यायचं नाही. एक दिवस सुंदरबाईच्या सुनेनं, योगितानं, मला उचलून पोत्यात भरलं. कड्याच्या दुकानात मोडीला घालून स्टीलचं पिंप आणायचं ठरलं होतं. योगिता काही वाईट नाही हो. तिला अडगळ नको होती आणि मी अडगळच दिसत होते.

ती निघणार, तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. हरिबाचा मुलगा बजरंग आला होता, आणि त्याची लेक अंजू.

अंजूला अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात जागा मिळाली होती. पण जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला वाडवडिलांचा जुना पुरावा लागत होता. महिनाअखेरीला तो दिला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. बापलेकीनं बीड जिल्ह्यातली कचेरी अन् कचेरी पालथी घातली होती. हरिबा शाळेत गेलेला नव्हता, म्हाळूची नोंद कुठं सापडत नव्हती. तो सरहद्दीपलीकडच्या कुठल्या गावचा, हे सांगायला घरात कुणी उरलं नव्हतं. पोरीचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"काकू," अंजू सुंदरबाईला म्हणाली, "नाव सापडतंय का म्हणून आमी घरातली समदी भांडी बघितली. आजीच्या भांड्यावर तिच्या बापाचं नाव, आईच्या भांड्यावर तिच्या बापाचं. आमचं नाव आमच्या घरात न्हाईच. ते तर लेकीबरोबर गेलं. तुमच्याकडं सारजाआजीचं एखादं भांडं असंल का?"

अगं, इथंच आहे ना मी! उंबऱ्याजवळच्या पोत्यात, तुझ्या पायाशी!

सुंदरबाईनं पोत्याकडं पाहिलं. मग भिंतीकडं पाहिलं आणि नाही म्हणाली.

बजरंग खाली मान घालून बसला होता. तो हळूच म्हणाला, "वहिनी, तुमचा राग रास्त हाय. माजे वडील तवा भीमेकडं मेंढरं घेऊन गेलते. निरोप लई उशिरा पोचला. तिसऱ्याला लुगडं घेऊन ते तुमच्या शिवेपत्तुर आलते. पुढं पाऊल टाकायची हिंमत झाली न्हाई. ते लुगडं अजून आमच्या पेटीत हाय."

सुंदरबाईचा हात पदराशी थांबला. पाहुण्यांच्या कटकटीत कशाला पडा म्हणून योगितानं पोतं उचललं, येते म्हणाली आणि बाहेरच्या रिक्षात बसली. पोत्यातून मला अंजूच्या चपला दिसल्या, मग रस्ता. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या मुक्या जन्माची फार चीड आली.

दुकानात मोडीची भांडी आधी चेपतात, मग वजन करतात. म्हणजे पोत्यात जास्त मावतात. एक परात चेपली, एक तांब्या चेपला. मग दुकानदारानं मला आडवी केली. पहिला घाव पोटावर बसला आणि पोट आत गेलं. हातोडी पुन्हा वर गेली. आता ती गळ्यावर येणार होती, बरोबर नावावर. हातोडीखालीच जन्मले होते आणि हातोडीखालीच संपणार होते. माझं जाऊ द्या हो, त्या पोरीचं काय?

"थांब बाबा!"

दारात सुंदरबाई उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा मोटारसायकलवर बसून आली होती, पदर विस्कटला होता. मागं बजरंग आणि अंजू.

"ती मोडायची न्हाई," ती धापा टाकत म्हणाली. "तिच्यावर माणूस हाय."

तिनं शेजारच्या गाड्यावरून लिंबू आणि मीठ मागून घेतलं आणि भर दुकानात फतकल मारून मला घासायला बसली. अंजूही घासू लागली. काजळी सुटेना. आधी म्हाळूचं नाव निघालं, तसा बजरंगनं तोंडावर हात ठेवला. मग अंजूनं एकेक अक्षर वाचलं. बो. र. द. रा.

गाव मिळालं, मग वेळ लागला नाही. बजरंग दुसऱ्याच दिवशी सरहद्दीपलीकडं गेला. बोरदऱ्याच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदीत म्हाळू होता, त्याचा बाप होता, जातही लिहिली होती. इतकी वर्षं सगळे अलीकडंच शोधत बसले होते. मुदत संपायच्या आत कागद पोचला आणि अंजूची जागा राहिली.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुनं भांडं मोडीत घालायचं असेल तर खुशाल घाला, पण आधी एकदा घासून बघा. आणि आपलं माणूस शोधायला निघालात, तर ज्या घरी लेकी दिल्या तिथंही जा. बाप नुसता मुलांकडंच राहतो असं नाही.

पोटावरचा पोचा मी काढू दिला नाही. म्हणजे मला कोण विचारतंय, सुंदरबाईनंच तो राहू दिला. अंबाजोगाईला जाण्याआधी अंजू घरी आली. पेटीतलं लुगडं तिनं आणलं होतं, हिरवं, घडीवर पिवळं पडलेलं. सुंदरबाईनं ते डोळ्यांना लावलं, उलगडलं आणि मला पांघरलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आलं बगा माहेराचं."