चाराचे दोन केले, तेव्हा मी गाडला गेलो

मी बोलतोय, सेंट अँड्र्यूजच्या समुद्रकाठच्या गोल्फ मैदानातला बुजवलेला खळगा. मला गाडून अडीचशे वर्षं उलटली, पण राग काही गाडला गेला नाही.

तेव्हा इथे अकरा खळगे खेळत जायचं आणि त्याच वाटेने अकरा खेळत परतायचं. एकूण बावीस. चेंडू माझ्यात पडला की खेळणारा माझ्याच तळातली मूठभर वाळू काढी, तिचा छोटा ढीग करी आणि त्यावर चेंडू ठेवून पुढच्या खळग्याकडे फटका मारी. रोज थोडा थोडा ओरबाडला जाऊन मी कोपरभर खोल झालो. तरी तक्रार केली नाही. मी खेळातला होतो.

मग एके दिवशी इथल्या गोल्फ मंडळाचे सभासद जेवायला बसले आणि ठरलं: सुरुवातीचे चार फार जवळजवळ आहेत, त्यांचे दोन करा. त्या चारांतला एक मी. सर्वांत मोठ्याने होकार दिला पॅट्रिक दुरी या जमीनदाराने. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, उरले अठरा. मला बुजवायचं काम दुरीने अंगावर घेतलं आणि किनाऱ्यावरची भुसभुशीत वाळू ओतून उरकलं. वर हिरवळीचा तुकडा थापला.

मी हळूहळू खचत राहिलो.

पुढे वार्षिक सामना आला. जिंकेल तो वर्षभर मंडळाचा कप्तान. शेवटच्या खळग्याकडे निघताना दुरी आणि त्याचा प्रतिस्पर्धी ह्यू वीम्स बरोबरीत होते. दुरीचा फटका सरळ आला, घरंगळला आणि त्याच परतीच्या वाटेवरच्या माझ्या खोलगटात बसला.

वीम्स वाकून बघत म्हणाला, "काय दुरी, हा तुम्ही बुजवलेलाच ना? त्याला कुणी कळवलेलं दिसत नाही."

"चेंडू जरा बाजूला घेतो."

"छे हो. पडेल तिथूनच मारायचा. मारा, आम्ही थांबतो."

दुरीने एक मारला, वाळू उडाली. दुसरा मारला, मी धरून ठेवला. तेव्हाचे चेंडू कातड्यात पिसं ठासून शिवलेले असत; तिसऱ्याला ते कातडं उसवलं आणि आतली पिसं त्याच्या मिशीला चिकटली.

"कप्तान होण्याऐवजी कोंबडी झालात की," वीम्स म्हणाला. त्या वर्षी कप्तान तोच झाला.

आज जगभर अठराच खेळतात, जणू तो आकडा आभाळातून पडला. माझी क्षमा मागू नका, मला ती नको आहे. फक्त चेंडू माझ्या दिशेने मारत राहा.