आट्यांवरचा सफेदा

मी एका मोटारीच्या इंजिनातला स्पार्क प्लग. बोलतोय तो मात्र अर्धाच. चिनीमातीची मान आणि वरचं षटकोनी डोकं तुटून गेलं. उरला तो आटे पाडलेला खालचा लोखंडी तुकडा, तो मी. या तुकड्याने एका माणसाचा शब्द खोटा पाडला, म्हणून मला बोलणं भाग आहे.

माझं काम साधं. पेट्रोलच्या वाफेत ठिणगी टाकायची, पुन्हा टाकायची. त्या आगीची धग अंगात साठू द्यायची नाही. आट्यांतून ती इंजिनाच्या धातूत सोडून द्यायची. धातूला धातू नीट भिडलेला असला की आम्ही प्लग वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही.

कारखान्यातून मी आलो तो पाचोऱ्याला, रविंद्रच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. फळीवर दोन महिने राहिलो. मग एका सकाळी त्याच्या बहिणीचा नवरा, भाईदास, आला. त्याच्याकडे तीन सिलिंडरची जुनी पांढरी व्हॅन होती आणि तिला तीन प्लग हवे होते.

रविंद्रने आम्हाला वरच्या फळीवरून काढलं. "दाजी, हे अस्सल आहेत. हाताने फिरवून बसवा, मग पान्याने थोडासा आवळा. बास. वर काही लावू नका."

भाईदास हसला. "तू माले शिकाडस का? तीस वरीस व्हयनात पाइप जोडी ऱ्हायनू. मना जोडमाईन थेंब गळस नई."

ते खरं होतं. भाईदास विहिरी-बोअरच्या मोटारी बसवणारा फिटर. आसपासच्या केळीच्या बागांत त्याने जोडलेले लोखंडी पाइप आहेत, आणि त्याच्या जोडातून पाणी झिरपलं असं कोणी म्हणत नाही. आट्यांवर धागा गुंडाळायचा, त्यावर सफेदा नावाचा पांढरा लेप चोपडायचा, आणि पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून अंग टाकून कसायचं. ही त्याची रीत होती, आणि तिचा त्याला अभिमान होता.

माझे दोघे भाऊ त्याने रविंद्रने सांगितलं तसेच बसवले. तिसऱ्या सिलिंडरचे आटे त्याला जरा सैल वाटले. इंजिनाचा दाब इथून गळेल, अशी शंका त्याला आली. त्याने पिशवीतून सफेद्याचा डबा काढला.

लिलाबाई, त्याची बायको, ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. "रविंद्र सांगे ना, काही लावू नका म्हनीसन?"

"तुना भाऊ दुकानमा बसस. काम मी करस."

माझ्या आट्यांवर धाग्याचे दोन वेढे पडले, वर सफेदा चढला. पाइप लावून त्याने मला असा कसला की आजारी माणसं कण्हतात तसा मी कण्हलो असतो, आवाज असता तर. त्या दिवसापासून धातूला धातू भिडला नाही. धग माझ्या अंगातच राहू लागली. सफेदा भाजून दगड झाला. मानेत केसासारखी एक चीर पडली आणि ती रोज थोडी लांबत गेली.

फाल्गुनात एका सकाळी लिलाबाईच्या छातीत कळ आली. अंगाला घाम सुटला. पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ताबडतोब जळगावला न्या. भाईदासने व्हॅन काढली. त्यांची मुलगी समीक्षा धुळ्याहून माहेरी आलेली होती. ती आईचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली.

वाटेवरचं वावडदा गाव मागे पडलं आणि माझी मान आतल्या आत फुटली.

तीनातलं माझं सिलिंडर गेलं. गाडी हिसके देऊ लागली. प्लग गेला, हे भाईदासने आवाजावरूनच ओळखलं. चढाला तर रांगायलाच लागली. भाईदास पाय दाबत होता, गाडीला शिव्या देत होता. मग ती थांबली ती थांबलीच. समीक्षाने रस्त्यात उभं राहून दुधाचा टेम्पो अडवला. कॅनच्या मधल्या जागेत लिलाबाईला निजवलं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ती गेली होती.

"थोडं आधी आला असता तर..." एवढं बोलून डॉक्टर थांबले. ती वाचली असती का, मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही नसावं. पण ते अर्धं वाक्य भाईदासबरोबर घरी आलं, आणि त्याला कुठेतरी टेकवायला जागा हवी होती.

"मेहुण्यानी डुप्लिकेट प्लग दिधा." संध्याकाळपर्यंत हे त्याने दहा माणसांना सांगितलं.

आमच्याकडे सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. रविंद्र हिरवी साडी घेऊन आला. भाईदास दारात आडवा उभा राहिला.

"तुनी साडी तिले लागाव नई. तुना प्लगनी मारी तिले."

"दाजी, मला काय बोलायचं ते नंतर बोला. माझी बहीण आहे ती. एवढं करू द्या."

"चालता हो."

रविंद्र साडीची घडी छातीशी धरून रस्त्यावर उभा राहिला. तिरडी त्याच्यासमोरून गेली, घरातल्याच एका साडीत. गाव बघत होतं. त्यानंतर त्याच्या दुकानाला 'डुप्लिकेटवाला' हे नाव पडलं.

चार महिन्यांनी भाईदासला वाटलं, पुरावा हातात हवा. मला काढून चारचौघांत रविंद्रच्या पुढ्यात टाकायचं. त्याने पान्याला पुन्हा पाइप लावला आणि अंग टाकलं. कडकन आवाज झाला. माझं डोकं पान्यात आलं, मी आतच राहिलो.

समीक्षाने बापाला फोनवर सांगितलं, "नाना, धुळ्याला या. इथे नथ्थू मिस्त्री आहेत. मोडून अडकलेलं काढणं हेच त्यांचं काम." व्हॅन पिकअपवर चढवून धुळ्याला आणली.

नथ्थू मिस्त्री सत्तरीचा, कमी बोलणारा. खाली वाकून बॅटरीच्या उजेडात त्याने मला बराच वेळ पाहिलं.

"पाइप लायेल व्हता ना पान्याले? भाऊ, प्लग शे हाऊ, बोरनी मोटर नई."

"निंघी का?"

"निंघी. घाई करशी तर इंजिन जाई."

आधी त्याने हवा मारून माझ्या भोवतालची माती उडवली. कडेने पातळ तेल सोडलं आणि चहा पिऊन आला. पुन्हा तेल सोडलं. मग उलट्या आट्यांचा एक निमुळता पोलादी खिळा घेतला, त्याला ग्रीस फासलं, म्हणजे लोखंडाचा कीस खाली सिलिंडरमध्ये न पडता त्याला चिकटेल. खिळा माझ्या पोकळीत हलक्या हाताने ठोकला. पाव फेरा उलटा, थोडा सुलटा, परत उलटा. मी हलत नव्हतो. माझी इच्छा नव्हती असं नाही. मला धरून ठेवलं होतं.

"भलताच धरेल शे," मिस्त्री पुटपुटला. "गंज नई. काय शे मग?"

तासाभराने मी करकरत बाहेर आलो. मिस्त्रीने मला फडक्यावर ठेवलं आणि नखाने माझा आटा खरवडला. पांढरी भुकटी पडली. खाली जळलेल्या धाग्याचे काळे वळसे होते.

त्याने भाईदासकडे पाहिलं. "सफेदा शे. कोनी लाया?"

समीक्षा रस्त्यापलीकडे नवा प्लग आणायला गेली होती. भाईदासने एकदा रस्त्याकडे पाहिलं, मला उचललं, बाकावरचा तारेचा ब्रश घेतला आणि माझ्या आट्यांवर जोराने घासला. एकदा. दोनदा. पांढरं त्याच्या बोटांना लागलं.

मिस्त्रीने ब्रश हिसकावला नाही. "प्लग पुसाई जाई, भाऊ," एवढंच म्हणाला आणि टॅप नावाचं हत्यार फिरवून इंजिनातले आटे साफ करायला लागला.

ब्रश थांबला तेव्हा समीक्षा समोर उभी होती.

"नाना, काय निघालं?"

त्याने मूठ उघडली. ती फिटरची मुलगी. लहानपणापासून हा लेप तिने बापाच्या हातावर, सदऱ्यावर, जेवणाच्या ताटाच्या कडेला पाहिलेला होता. समजावून सांगायची गरज पडली नाही. ती मिस्त्रीच्या बाकावर बसली.

"मामाला तुम्ही सांगणार, की मी?"

"मी सांगस."

नवा प्लग हाताने बसला, पान्याने थोडा आवळला. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं, तिन्ही सिलिंडर एका सुरात. भाईदासने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. इतकं चांगलं चाललेलं इंजिन त्याला ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पाचोऱ्याला रविंद्रच्या दुकानात शिरला. आत तीन गिऱ्हाइकं होती. ती जाण्याची वाट त्याने पाहिली नाही. मला काउंटरवर ठेवून म्हणाला, "रविंद्र, तुना प्लग चांगला व्हता. सफेदा मी लाया. तू नको सांगेल व्हतं, तरी लाया. लिलानी बी सांगेल व्हतं."

रविंद्रने मला उचललं, फिरवून आट्यांवरचं पांढरं पाहिलं आणि होतो तिथे परत ठेवलं. मग एका गिऱ्हाइकाला त्याने फॅनबेल्ट काढून दिला, दुसऱ्याला ऑइलचा डबा. दुकान रिकामं झालं. भाईदास उभाच होता.

"दाजी," रविंद्र त्याच्याकडे न बघता म्हणाला, "बसा म्हणणार नाही मी. जा असंही म्हणत नाही."

त्याला अर्धा तास झाला. दोघांच्या मध्ये मी पडलो आहे. माझ्याकडून आता ठिणगी पडायची नाही. माझी जागा भंगाराच्या डब्यात, आणि त्याबद्दल तक्रार नाही. एवढीच विनंती आहे: या दोघांपैकी एकजण पुढचं काही बोलेपर्यंत मला इथून कोणी उचलू नका. मी दिसेनासा झालो, तर भाईदास निघून जाईल आणि ते बोलणं राहूनच जाईल.